समकबाईंचे पाहुणे

समकबाईंशी हात मिळवला की आपला हात ओला व्हायचा. बहारीनला, मनाम्यातल्या आमच्या कार्यालयात परदेशी पाहुणे यायचे, अंगात सूट, हातात चामडी बॅग, अत्तराचा वास दारातून आधी आत येणारा. आणि बाई टाकीत कोपरापर्यंत बुडवलेला हात बाहेर काढून तसाच पुढे करायच्या. पाहुणा खिशात रुमाल चाचपू लागला की म्हणायच्या, "पाणीच आहे. माशांच्या कचेरीत आलात, कोरडे कसे जाल?" डायरेक्टरसाहेब दर वेळी कसनुसे व्हायचे. त्यांनी बाईंना एक चांगला टर्किश टॉवेल घेऊन दिला होता. तो बाईंनी टाकी जिथे गळायची तिथे जमिनीवर पसरून ठेवला.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचत कोणी नसे. अरबांमध्ये बाईमाणसाला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, अमक्याची आई, तमक्याची आई. या बाई बिनलग्नाच्या, मूलबाळ नाही, मग कचेरीतल्या बहारीनी लोकांनी त्यांना 'उम्म समक' करून टाकलं, म्हणजे माशांची आई. बाईंना वाईट वाटेल म्हणून सगळ्यांनी ते त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. "एवढी लेकरं आणि एकाचीही शाळेची फी नाही," म्हणाल्या. आम्ही चार मराठी माणसांनी त्याचं 'समकबाई' केलं आणि तेच राहिलं.

मी त्यांची टायपिस्ट. माहेर देवरुखचं, नवरा मनाम्यात बँकेत. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी तिथे गेले, आणि पहिल्याच दिवशी दारावरची पाटी वाचून मला हसू आलं. 'आखाती प्रदेशातील थंड पाण्याच्या माशांचे संवर्धन' असा त्या इंग्रजी पाटीचा अर्थ. ज्या गावात जुलैमध्ये नळाखाली हात धरला तर चटका बसतो, त्या गावात ही पाटी. कुठल्या तरी दूरच्या मोठ्या कचेरीत कोणीतरी नकाशा पसरून हा कार्यक्रम आखला होता. ओमानच्या डोंगरातले ओढे, पलीकडच्या वाळवंटातली पाणथळं आणि बहारीनमधले गोड्या पाण्याचे झरे, असं सगळं त्यात होतं. आणि टेलिफोन नीट चालतो म्हणून मुख्य कचेरी आमच्याकडे होती.

बाई वसईच्या, पण त्याआधी कित्येक वर्षं हिमाचलात बर्फाच्या पाण्यातले मासे वाढवत होत्या. तिथून त्या लोकरी स्वेटर घेऊन बहारीनमध्ये उतरल्या. लोक हसले. ते स्वेटर पुढे कचेरीतल्या ए.सी.त उपयोगी पडले, हसणारे कुडकुडत बसले. पाटीवरून कोणी टिंगल केली की बाई चिडायच्या नाहीत, पण सोडायच्याही नाहीत. मला त्यांचं एक उत्तर पाठ आहे. "थंड कशाला म्हणायचं ते माणूस ठरवत नाही, मासा ठरवतो. बाहेर आग पेटलेली असताना ज्या पाण्यात त्याला बरं वाटतं, ते थंड. तुम्ही आधी त्याच्याएवढे व्हा आणि मग बोला."

तसं पाणी शहराच्या पश्चिमेला होतं. आता सीफचे मॉल ज्या अंगाला आहेत त्या रस्त्यानं थोडं पुढे गेलं की तेव्हा खजुराच्या बागा लागायच्या. त्यातल्या एका बागेत जमिनीतून आपोआप वर येणारा झरा होता, भोवती दगडी काठ, आत तळ दिसेल असं पाणी. त्यात बोटाच्या पेराएवढे मासे, नराच्या शेपटीवर काळे पट्टे. बाईंचं म्हणणं असं की या झऱ्यातला मासा त्या झऱ्यातल्यासारखा नसतो, शेकडो पिढ्या एकाच विहिरीत राहिल्यावर तो त्या पाण्याचाच होऊन जातो. बाकीचे झरे एकेक करून आटत होते. जो तो बोअर मारत होता, पंप लावत होता. उरलेल्यांत हा सगळ्यात निरोगी, म्हणून बाईंचा सगळा जीव इथे अडकला होता.

बागेचे मालक हाजी. तरुणपणी वडिलांबरोबर मोती विकायला मुंबईला जायचे, त्यामुळे हिंदी अस्सल मुंबईची. बाई पहिल्यांदा स्कर्ट खोचून पाण्यात उतरायला निघाल्या तेव्हा हाजी काठी घेऊन आडवे आले. "मेमसाब, औरत लोग इधर मर्द के सामने पानी में नहीं उतरता."

"तो आप उधर देखो," बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

हाजी खरोखरच पाठ करून बसले. पुढे कित्येक वर्षं हा रिवाज चालला. बाई गुडघाभर पाण्यात जाळी धरून उभ्या, आणि हाजी काठावर खजुराच्या झाडाकडे तोंड करून त्यांच्याशी वाद घालताहेत. मुंबईत कुठला पापलेट चांगला इथपासून देवानं मासे आधी केले की खजूर, इथपर्यंत सगळे वाद. मी वही घेऊन मध्ये बसायची, कोणाकडे बघून हसावं ते कळायचं नाही. निघताना हाजी खजुराची परडी मागच्या मागे सरकवून द्यायचे.

माशांवर एवढं प्रेम करणारी बाई दुपारच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी आणायची, यावरून कचेरीत थट्टा चाले. बाई तोंडातला घास संपवून शांतपणे म्हणायच्या, "खाणाऱ्यालाच मासा राहावा असं वाटतं. न खाणाऱ्याला काय फरक पडतो?" शुक्रवारी चर्चहून परतताना त्या बाजारात शिरायच्या आणि कोळ्याशी भांडून हमूर मासा घ्यायच्या. त्यांच्या हातचं कालवण मी खाल्लंय. आमच्या देवरुखच्या हातांना ते जमणार नाही, हे मी सासूसमोरही कबूल केलंय.

आणखी एका गोष्टीवरून त्यांचं सगळ्यांशी वाजायचं. कचेरीत कुठल्याही कामाला 'इंशाल्ला' म्हणायची पद्धत होती. देवाच्या मर्जीवर सोडणं वेगळं आणि देवाच्या नावावर काम ढकलणं वेगळं, हा फरक बाईंना फार कळायचा. "देवाची मर्जी मी रोज सकाळी विचारते. तुमची काय आहे ते सांगा," असं त्या समोरच्याला म्हणत, मग तो शिपाई असो की मंत्रालयातला कोणी. अशानं माणसं दुखावतात, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. दुखावलेला माणूस निदान जागा असतो, असं त्यांचं मत पडलं.

एका उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी दगडी काठाच्या कितीतरी खाली गेलं. हाजी आता थकले होते, बाग मुलांच्या हातात गेली होती. मुलांनी ठरवलं की झरा उपसायचा, तळ खणायचा, चारी बाजूंनी सिमेंट करायचं आणि पंप बसवायचा. पाणी परत भरेल असं कंत्राटदार सांगत होता. बाईंनी त्याला विचारलं, मध्यंतरी मासे कुठे राहतील? त्यानं आकाशाकडे बोट दाखवलं.

आमच्या कचेरीला याची आधीच खबर होती. डायरेक्टरसाहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं की प्रत्येक जातीचे थोडे नमुने औषधात घालून बरण्यांत बंद करा, शेवटचा अहवाल लिहा, वरून पैसा येणं बंद होणार आहे, कार्यक्रम इथेच आटोपता घ्यायचा आहे. प्रयोगशाळेची टाकी गळत होती, ती दुरुस्त करायलाही मंजुरी मिळाली नाही. बाई खोलीत परत आल्या आणि रिकाम्या बरण्यांकडे बघत म्हणाल्या, "लोणची घालायला मला इथे बोलावलं नव्हतं." त्या रागावलेल्या होत्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात भीतीही ऐकू आली. पंप लागायला आठवडाभर उरला होता आणि त्या माशांना जगात दुसरं घर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सुनंदा, तुझ्या घरी टब आहे का?"

मग त्यांनी मला बावखलाची गोष्ट सांगितली. वसईत वाडीवाडीत बावखल असतं. बावखल म्हणजे बागेला पाणी देण्यासाठी खणलेलं, झऱ्यांवर भरणारं तळं. उन्हाळ्यात ते उपसून गाळ काढतात. त्यांच्या आळीत त्या आधी तळ्यातले मासे काढून घरोघरी वाटत. कोणी परातीत ठेवी, कोणी पिंपात, कोणी पोरांच्या न्हाणीच्या घमेल्यात. पाणी भरलं की ज्यानं त्यानं आपापले मासे परत आणून सोडायचे. एका घरात रोग शिरला किंवा मांजर शिरली तरी बाकीच्या घरांत मासे राहतात, एवढी साधी अक्कल त्यामागे होती. आणि आजीचा एक कडक नियम होता की मासे घरी असेपर्यंत घरात भांडायचं नाही, ते आवाजानं बुजतात. "आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो," बाई म्हणाल्या. "हिमाचलात शिकले त्यातलं इथे काही चालणार नाही. आजीचं चालेल."

शुक्रवारी चर्च सुटल्यावर बाई आवारात उभ्या राहिल्या आणि वसईच्या, मुंबईच्या ओळखीच्या बायकांना सरळ सांगितलं. इस्पितळातल्या नर्सा होत्या, हॉटेलात काम करणारी जोडपी होती. एकीनंही नाही म्हटलं नाही, कारण बावखल त्यांतल्या बऱ्याच जणींना ठाऊक होतं. कोकणातली हिंदू बिऱ्हाडं मी गाठली. त्यांना बावखल ठाऊक नव्हतं, पण पाहुणा ठाऊक होता. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळतं असतं, म्हणून सकाळी बादली भरून ए.सी.च्या खोलीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच वापरायचं, साबणाचा हात लावायचा नाही, पोटभर खायला घालायचं नाही, हे सगळं बाईंनी प्रत्येकीकडून वदवून घेतलं. भांडणाचा नियमही सांगितला. माझ्या नवऱ्याला तो नियम फार आवडला, त्या उन्हाळ्यात तो दर वादात टबाकडे बोट दाखवून मला गप्प करायचा.

हाजी स्वतः आम्हाला मासे काढू लागले. झऱ्यात पाणी घोट्याएवढं राहिलं होतं. ते त्या दिवशी पाठ करून बसले नाहीत. खाली उतरून, लांब झगा चिखलात लोळवत, बाईंच्या शेजारी उभे राहून जाळी धरली. मुलं काठावरून 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, आटपा, करत होती, त्यांच्याकडे त्यांनी बघितलं नाही. "ले जाओ बेटी," एवढंच म्हणाले. मेमसाबची बेटी केव्हा झाली ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी राणेवहिनींचा फोन आला. राणे अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात कामाला, घर तिकडेच. वहिनी कणकवलीकडच्या. फोनवर त्यांना धड बोलता येत नव्हतं. आम्ही टॅक्सी करून गेलो. दाराशीच हंडा ठेवला होता, लग्नातला, तांब्याचा, आरशासारखा घासलेला, आणि त्यात एकूण एक मासे पोट वर करून तरंगत होते.

वहिनी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "मॅडम, घरातलो सगळ्यात चांगलो हंडो दिलंय ओ. चिंचेन घासून लखलखीत केलंय. प्लास्टिकच्या टबात पावण्यांका कसा ठेवू?"

तांबं माशांना विष. माणसाला जे गुणकारी म्हणून आपण रात्रभर तांब्यात पाणी ठेवतो, ते त्या एवढ्याशा जिवांना झेपत नाही. हे आमच्यापैकी कोणाला माहीत असणार? वसईत मासे ठेवताना कोणी चांगली भांडी काढत नसे, त्यामुळे बाईंनाही ते सांगायचं सुचलं नव्हतं. मंत्रालयातल्या माणसांना फाडून खाणारी बाई आता या बाईला काय बोलते, याची मला धास्ती पडली. बाई जमिनीवर बसल्या. मेलेले मासे ओंजळीत घेतले, एकेक बघितले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मग म्हणाल्या, "तू मान दिलास, वहिनी. सांगायला मी चुकले. आता टब काढ, तुला दुसरे आणून देते."

"माज्या हाताक यश नाय. दुसऱ्याक द्या."

"दुसऱ्याला नाही. जिथे मेले तिथेच जगवायचे."

वहिनी नको नको म्हणत राहिल्या, पण बाईंपुढे कोणाचं चाललंय? त्या संध्याकाळी माझ्या टबातले निम्मे मासे अस्करला गेले. तिकडे वहिनींनी त्यांना बाळंतिणीसारखं जपलं. हिवाळा यायच्या आत त्यांच्याकडे पिल्लं झाली. सगळ्यांत आधी त्यांच्याकडे.

ही घरोघरची माशांची गोष्ट डायरेक्टरसाहेबांच्या कानावर गेली, जायचीच होती. त्यांनी बाईंना बोलावलं आणि मलाही वही घेऊन यायला सांगितलं. ते दिल्लीकडचे, वाईट माणूस नव्हते, पण नोकरीला भ्यायचे. आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचे मासे लोकांच्या मोऱ्यांमध्ये आहेत हे वर कळलं तर काय, असं ते पुन्हापुन्हा म्हणत होते. सगळे मासे दोन दिवसांत गोळा करून बरण्यांत घाला, नाहीतर पत्ते द्या, आम्ही माणसं पाठवतो, असा त्यांचा हुकूम निघाला.

बाई उभ्याच होत्या. म्हणाल्या, "मासे कार्यक्रमाचे नाहीत. ते हाजींच्या बागेतले आहेत आणि हाजींनी ते मला दिले. कार्यक्रमाची आहे ती माझी खुर्ची. ती हवी तर आज घ्या."

साहेबांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. पत्ते मला ठाऊक असणार, हे त्यांना ठाऊक होतं. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर असला तरी नोकरी माझी होती आणि ती मला हवी होती. पण शेजारी ती बाई ताठ उभी असताना खाली बघणं जमेना. मी म्हटलं, "साहेब, आमच्या घरी पाहुणे आहेत. पाहुण्यांची नावं कचेरीत सांगायची आमच्यात रीत नाही." मी आयुष्यात वरिष्ठांना दिलेलं हे एकुलतं एक उलट उत्तर. अजून त्याचा मला अभिमान वाटतो.

पत्ते परत कोणी विचारले नाहीत. माझी नोकरी राहिली, त्याच कचेरीत दुसऱ्या कामावर. बाईंची गेली. कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, व्हिसा रद्द, महिन्याभरात देश सोडा, खलास. पाटी उतरवायला आलेल्या माणसाला बाईंनी स्वतः स्टूल दिलं. झऱ्याचं सिमेंट वाळलं होतं, पंपही बसला होता, पण पाणी काही भरलं नव्हतं. तळाशी हिरवट डबकं आणि बिस्किटांचे कागद होते. बाई त्याच्या काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या. हाजी म्हणाले, इंशाल्ला, आएगा. त्या एका माणसाच्या तोंडचं इंशाल्ला बाईंनी ऐकून घेतलं.

जाण्याआधी त्या एकेका घरी गेल्या. आभार मानले नाहीत, निरोपाचं काही बोलल्या नाहीत. टबात हात घातला, पाणी बघितलं, कोणाला रागावल्या, कोणाच्या पोराला टबात साबणाची वडी टाकल्याबद्दल दम भरला. माझ्याकडे शेवटी आल्या. मला रडू आवरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला काढलं म्हणून काय झालं? मी मासा थोडीच आहे, मला वसईत पाणी आहे. तू यांच्याकडे बघ."

वसईत गेल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. लोक बावखलं बुजवून त्यावर इमारती उठवायला लागले होते. मातीचा ट्रक आला की बाई खुर्ची टाकून तळ्याच्या काठावर बसायच्या, असं त्यांच्या भाचीनं मला कळवलं. किती बावखलं वाचली ते मी विचारलं नाही. बाई गेल्याचंही त्याच भाचीनं कळवलं. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही, टबाचं पाणी बदलत बसले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही कायमचे परत निघालो. आखातात घर सोडताना एक पद्धत असते, फ्रिज, गॅसची शेगडी, पडदे असं सगळं त्याच जागेत येणाऱ्या नव्या बिऱ्हाडाला देऊन टाकायचं. आमच्या जागेत साताऱ्याकडचं जोडपं येणार होतं. मुलगी नवी नवरी होती, सगळ्याला होकार देत होती. शेगडीची कळ कशी धरायची ते मी दाखवलं, मग तिला आतल्या खोलीत नेऊन टब दाखवला आणि सगळं सांगितलं, कुठल्या झऱ्याचे, कोणी आणलेले, पाणी कसं ठेवायचं, तांबं का नाही, भांडण का नाही. तिनं वाकून बघितलं. मासे पाण्यात इकडून तिकडे धावत होते.

"काकू, पण किती दिवस सांभाळायचे?" तिनं विचारलं.

"झऱ्याला पाणी येईपर्यंत."

"आणि नाहीच आलं तर?"

"मग तुझ्यानंतर जी या घरात येईल तिच्या हाती द्यायचे. पण बरणीत घालायचे नाहीत."

तिनं मान डोलावली आणि बाही वर दुमडून हात पाण्यात घातला.